फेब्रुवारीतून वाचलेले मासे: पेम्बर्टनच्या ट्राउटचा प्रकरण अभ्यास

मासा उष्णतेपुढे नेमका कधी हरतो, हे मोजायची रीत साधी आहे. टाकीत मासा सोडायचा, हीटर लावायचा आणि पाणी मिनिटाला साधारण ०.३ अंशाने तापवत न्यायचं. सुरुवातीला काहीच घडत नाही. मग कल्ल्यांची झाकणं जोरजोरात हलू लागतात. मासा टाकीच्या भिंतीला तोंड लावून वर-खाली फिरतो, मध्येच एकदम उसळी मारतो. मग तो कुशीवर कलतो, सावरतो, पुन्हा कलतो, आणि आता सावरत नाही. त्या क्षणाचं तापमान वहीत उतरवायचं आणि मासा लगेच जाळीने उचलून थंड पाण्यात सोडायचा. वेळेत उचलला तर तो बहुतेक वेळा पुन्हा पोहू लागतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पेम्बर्टन गावच्या हॅचरीतल्या, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातल्या, रेनबो ट्राउटच्या पाच कुटुंबांवर ही चाचणी झाली. तोल सुटण्याचं सरासरी तापमान आलं २९.० अंश सेल्सिअस. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. थंड पाण्यातला हा मासा तिथे एकोणीसहून अधिक पिढ्या कडक उन्हाळे काढत आला आहे, आणि म्हणून उष्णता सोसणाऱ्या माशांची चर्चा निघाली की त्याचं नाव पुढे येतं. मी हे प्रकरण निवडलं ते याच कारणासाठी. पण खोलात गेलं की त्याचा धडा दिसतो तितका सरळ राहत नाही. माझ्या वाचनातून निघालेलं मत आधीच सांगतो: पेम्बर्टनचा ट्राउट गरम पाणी सोसायला शिकला, ते त्याला मानवू मात्र लागलं नाही. या दोन गोष्टींतलं अंतर ज्याला कळलं, त्याला उष्णतेला तगणारे मासे घडवण्याच्या कामातली निम्मी अडचण कळली.

गाव, ओढा आणि परका मासा

पेम्बर्टन पर्थच्या दक्षिणेला सुमारे ३३० किलोमीटरवर आहे. भोवती कारीचं रान. कारी म्हणजे आपल्या ओळखीच्या निलगिरीच्या गोतातलं उंच, सरळसोट झाड. पाऊस तिथे हिवाळ्यात पडतो, म्हणजे मुख्यतः जून ते ऑगस्टमध्ये. उन्हाळा कोरडा. डिसेंबर ते फेब्रुवारी ओढ्यांची धार बारीक होते आणि उरलेलं पाणी तापतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये शेततळ्याचं जे होतं, तेच.

रेनबो ट्राउट मूळचा उत्तर पॅसिफिकच्या काठच्या थंड, खळाळत्या नद्यांतला. कॅलिफोर्नियातून तो १८८३ साली न्यूझीलंडला गेला, तिथून १८९४ साली न्यू साउथ वेल्समध्ये आला आणि काही दशकांनी खंडाच्या पश्चिम टोकाला पोचला. हे सगळं गळाने मासे धरण्याच्या हौसेपायी. १९३०च्या दशकात पेम्बर्टनला लेफ्रॉय ब्रूक या ओढ्याकाठी ट्राउटची हॅचरी उभी राहिली. त्या भागातल्या बऱ्याच ओढ्यांत ट्राउट स्वतःच्या बळावर वंश टिकवू शकत नाही, त्यामुळे हॅचरीत अंडी उबवून पिल्लं नद्यांत आणि धरणांत सोडावी लागतात.

या प्रवासाकडे आनुवंशिकतेच्या नजरेने पाहिलं तर एक गोष्ट ठळक दिसते. प्रत्येक टप्प्यावर मूळ नदीतल्या विविधतेचा थोडाच भाग पुढे गेला. एका नदीची अंडी, त्यातली प्रवासात जगलेली, त्यातली नव्या हॅचरीत मोठी झालेली. उष्णता सोसण्याची निवड ज्या भांडवलावर चालायची, ते भांडवल पेम्बर्टनला पोचेपर्यंत कितीतरी गाळण्यांतून गेलेलं होतं.

उन्हाळ्याची चाळणी

उष्णता सोसणारा वाण काढायचा असं ठरवून इथे कुणी सुरुवात केली नव्हती. ब्रूडर मासे, म्हणजे ज्यांच्यापासून अंडी घ्यायची ते, हॅचरीच्या तळ्यांत असत. पाणी फार तापलं की मरतूक व्हायची. जे उरले त्यांची अंडी हिवाळ्यात घेतली जायची आणि त्यातून पुढचे ब्रूडर तयार व्हायचे. १९५२ ते २००२ अशा ५१ वर्षांच्या इतिहासाचा नंतर अभ्यास झाला. ट्राउटची पिढी साधारण दोन-तीन वर्षांची धरली तर एकोणीस पिढ्यांचा हिशेब या कालावधीशी जुळतो.

पशुपैदास शिकवताना निवड म्हणजे माणसाने नोंदवह्या पाहून केलेली निवड असं शिकवलं जातं. इथे निवड उन्हाने केली. याला आपोआप झालेली निवड म्हणता येईल. तिच्यामागे कुणाचा पक्षपात नाही, आणि मासा प्रयोगशाळेत नाही तर प्रत्यक्ष तळ्यात तगला आहे, हे तिचं बळ. पण नेमकं कशासाठी निवडलं गेलं, हे मात्र ती सांगत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी तळ्यात जे शंभर मासे उरले, ते का उरले? काहींचं शरीर खरंच उष्णता सोसणारं असेल. काही आकाराने लहान म्हणून तगले असतील, कारण गरम पाण्यात मोठ्या माशांची दमछाक आधी होते. काही ताजं पाणी येतं त्या तोंडापाशी जागा धरून बसले असतील. काहींना पहाटे पाण्यातला प्राणवायू उतरल्यावर निभावून नेता आलं असेल. काही तापलेल्या पाण्यात फोफावणाऱ्या जिवाणूंच्या रोगाला बळी पडले नसतील. उन्हाळा हे सगळं एकत्र तपासतो आणि निकाल एकच लावतो, जगला किंवा मेला. यातला जागेचा किंवा नशिबाचा भाग पिल्लांत उतरत नाही. शिवाय ज्या वर्षी उन्हाळा सौम्य गेला, त्या वर्षी परीक्षाच झाली नाही.

याच्या जोडीला आणखी एक चाळणी लागते, आणि माझ्या मते तिच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. ट्राउटची मादी अंडी घालते हिवाळ्यात, पण त्या अंड्यांत बलक भरण्याचं मुख्य काम त्याआधीच्या उन्हाळा-शरदात चालू असतं. बलकाचं प्रथिन यकृतात तयार होतं, रक्तातून अंडाशयात जातं, आणि या साऱ्याला इस्ट्रोजेन या मादीच्या संप्रेरकाची चालना लागते. पाणी तापलं की ही साखळीच मंदावते. टास्मानियात अटलांटिक सामन (सॅल्मन) माशावर झालेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं आहे: २२ अंशांच्या पाण्यात ठेवलेल्या माद्यांच्या रक्तात इस्ट्रोजेन आणि बलकाचं प्रथिन दोन्ही घटले, आणि त्यांच्या अंड्यांचं फलनही कमी झालं. ट्राउट सामनच्याच कुळातला. म्हणजे पेम्बर्टनच्या मादीला उन्हाळा जगून काढायचा होता आणि शिवाय पोटातली अंडीही वाचवायची होती. जी नुसती जगली आणि जिची अंडी खराब झाली, तिचा वंश तिथेच संपला. टाकीत हीटर लावून तासाभरात घेतलेली कुठलीच चाचणी ही दुसरी चाळणी पकडू शकत नाही.

अंगवळणी की वंशात?

प्रत्येक मत्स्यशेतकऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट आहे: गरम पाण्यात हळूहळू सरावलेला मासा थंड पाण्यातून थेट आणलेल्या माशापेक्षा जास्त उष्णता सोसतो. हे अंगवळणी पडणं झालं. ते त्या माशापुरतं असतं, आणि अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू पुन्हा शून्यापासून सुरुवात करतं. वंशात उतरलेली सहनशक्ती वेगळी. दोन्ही एकमेकांत इतक्या मिसळतात की नुसता मासा पाहून सांगता येत नाही.

याचा एक दाखला १९९८ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. साध्या हॅचरीतल्या रेनबो ट्राउटला १०, १५ आणि २० अंशांच्या पाण्याची सवय करून मग तोल सुटण्याचं तापमान मोजलं. आकडे आले २८.०, २९.१ आणि २९.८. सरावाचं पाणी दहा अंशांनी वाढलं की सहनशक्ती पावणेदोन-दोन अंशांनी वर सरकते, तीही वंशात काडीचा बदल न होता.

आता पेम्बर्टनचा २९.० हा आकडा यांच्या शेजारी ठेवून पाहा. तो या तिन्हींच्या बरोबर मधे बसतो! एकोणीस पिढ्या उन्हाळ्याने चाळलेला मासा आणि साधा हॅचरीचा मासा, दोघांचा तोल जवळजवळ त्याच तापमानाला सुटतो.

हे प्रथम लक्षात आलं तेव्हा माझा विरस झाला होता. मग वाटलं, चाचणी चुकीच्या जागी पाहत असेल तर? तोल सुटण्याचं तापमान हा शेवटचा कडा आहे. मासा आयुष्यातले दिवस त्या कड्यावर काढत नाही. तळ्यात पाणी २९ पर्यंत मिनिटांत चढत नाही. ते २४-२५ वर आठवडाभर रेंगाळतं, आणि त्या आठवड्यात मासा खातो का, पोहतो का, अंडाशय पोसतो का, यावर सगळं अवलंबून असतं.

दमाची शिल्लक

२०१५च्या अभ्यासाची खरी कमाई इथे आहे. संशोधकांनी तोल मोजलाच, पण त्याशिवाय माशाकडे प्राणवायूची शिल्लक किती उरते तेही मोजलं. ही कल्पना घरच्या हिशेबासारखी आहे. मासा जोर लावून जास्तीत जास्त जितका प्राणवायू घेऊ शकतो, ती त्याची मिळकत. नुसतं जिवंत राहायला जितका लागतो, तो घरखर्च. मिळकतीतून घरखर्च वजा जाता जे उरतं, त्यातून पोहणं, पचवणं, वाढणं आणि अंडी घालणं भागवायचं असतं. मी याला दमाची शिल्लक म्हणतो.

पाणी तापलं की दोन्हीकडून कात्री लागते. गोड्या पाण्यात १० अंशांना लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २५ अंशांना ८.३च्या आसपास. आणि मासा थंड रक्ताचा, त्यामुळे पाणी तापलं की त्याचं शरीरही तेवढंच तापतं आणि घरखर्च वाढतो. दहा अंशांमागे तो ढोबळमानाने दुप्पट होतो. या दोन्हींची तोंडमिळवणी करायची जबाबदारी हृदयावर पडते.

ट्राउटच्या हृदयाची रचना इथे समजून घ्यायला हवी. त्याच्या जवनिकेची, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याची, बाहेरची भिंत घट्ट स्नायूंची असते आणि तिला स्वतःच्या रक्तवाहिन्यांतून ताजं रक्त मिळतं. आतला भाग मात्र स्पंजासारखा, जाळीदार. तो अंगभर फिरून परतलेल्या रक्तावर जगतो. सगळ्या शरीराची गरज भागवून उरलेला प्राणवायू हाच त्याचा वाटा. पाणी तापलं, अंगाची भूक वाढली, की परतणारं रक्त रिकामं होत जातं, आणि नेमकं ज्या वेळी हृदयाला सर्वाधिक काम करायचं आहे त्या वेळी त्याच्या आतल्या भागाला सर्वात कमी मिळतं. ठोके वाढत जातात, एका मर्यादेवर थबकतात, मग ताल चुकू लागतो.

पेम्बर्टनच्या माशांत दमाची शिल्लक सर्वाधिक होती ती १५.८ अंशांना. १९.९ अंशांपर्यंत ती त्या सर्वाधिक पातळीच्या ९० टक्क्यांवर टिकली. त्यापुढे उतरत गेली, पण २५ अंशांनाही सर्वाधिक पातळीच्या ४० टक्क्यांहून बरीच जास्त होती. रेनबो ट्राउट २५-२६ अंशांच्या पाण्यात सतत ठेवला तर तो सहसा मरणाच्या दारात असतो, हे लक्षात घेतलं की या ४० टक्क्यांची किंमत कळते. एवढ्या शिल्लकीत मासा फारसा वाढणार नाही, पण उन्हाळा ओलांडेल.

सोसणं आणि मानवणं हा फरक म्हणतो तो हाच. सगळ्यात सुखाचं तापमान पन्नास वर्षांत सोळाच्या आसपासच आहे, कुठल्याही थंड पाण्यातल्या ट्राउटला शोभेल असं. शेवटचा कडाही जागचा हललेला दिसत नाही. लांबलं असेल तर ते मधलं शेपूट, सुखाच्या टोकापासून मरणाच्या टोकापर्यंतची उतरण. ती एकदम कोसळण्याऐवजी हळूहळू उतरते. उन्हाच्या चाळणीने बहुधा हेच निवडलं असावं, कारण तळ्यात मासे मरत होते ते याच पट्ट्यात.

‘बहुधा’ आणि ‘असेल तर’ हे शब्द मी जपून वापरतोय. २०१५च्या अभ्यासात त्या पाच कुटुंबांच्या शेजारी ठेवायला, त्याच पूर्वजांचा पण उन्हाळ्याने न चाळलेला वंश नव्हता. तुलना नसली की ४० टक्के हे निवडीचं फळ, की त्या वंशाकडे कॅलिफोर्नियातूनच आलेली देणगी, हे सिद्ध करता येत नाही. ही शंका पोकळ नाही. कॅलिफोर्नियातल्या ट्वालमी नदीतल्या याच जातीच्या माशांवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दमाची शिल्लक सर्वाधिक आली २१.२ अंशांना, आणि १७.८ ते २४.६ या पट्ट्यात ती ९५ टक्क्यांवर होती. म्हणजे याच जातीत निसर्गाने सुखाचं तापमान वर सरकवल्याचं उदाहरण आहे. आयडाहोतल्या वाळवंटी ओढ्यांतला रेडबँड ट्राउट (रेनबो ट्राउटचाच एक प्रकार) आणि तिथल्याच डोंगरातल्या थंड ओढ्यांतला रेडबँड ट्राउट यांची तुलना झाली, तेव्हाही उष्णतेला शरीराने दिलेला प्रतिसाद आणि जनुकांतल्या खुणा या दोन्हींत फरक सापडला. नद्यांना हे करायला हजारो वर्षं मिळाली. पेम्बर्टनला पन्नास.

जपानच्या मियाझाकीतला गरम पाण्यात पिढ्यानपिढ्या निवडलेला ट्राउट या बाबतीत जास्त भाग्यवान. त्याच्या शेजारी ठेवायला साधा वाण होता, त्यामुळे उष्णतेत कुठली जनुकं कमी-जास्त चालतात याची तुलना तिथे तरी करता आली.

पिढीमागे किती?

निवडीने एका पिढीत किती पुढे जाता येतं याचं साधं सूत्र आहे: निवडलेले आई-बाप सरासरीच्या किती पुढे आहेत, गुणिले त्या गुणाचा आनुवंशिकतेचा आकडा. फ्रान्समध्ये एका व्यावसायिक वंशाच्या लहान रेनबो ट्राउटवर झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अचानक उष्णता सोसण्याच्या क्षमतेसाठी हा आकडा ०.२९ आला. माशामाशांतल्या फरकाचा तीनदशांशाहून थोडा कमी भाग वंशातून येतो, बाकी परिस्थितीतून. पैदाशीच्या दृष्टीने हा आकडा चांगला आहे. विक्रीसाठी काढण्याच्या वयापर्यंतच्या वाढीशी त्याचं आनुवंशिक नातं शून्याच्या जवळ आलं, ही आणखी चांगली बातमी. उष्णतेसाठी निवडताना वाढ गमवावी लागेल, ही शेतकऱ्याची पहिली भीती असते. आणि ही क्षमता एखाद्या जनुकाच्या हातात नसून अनेक जनुकांत थोडी-थोडी विखुरलेली आहे, हेही तिथे दिसलं. ‘उष्णतेचं जनुक’ शोधून काढू आणि कळ दाबू, ही आशा सोडून द्यावी लागते.

फरक थोडा, आकडा ठीक, मग वेग किती? याचं उत्तर नॉर्वेतल्या एका प्रयोगाने दिलं, आणि त्यातला मासा आपल्या देशातला होता. पश्चिम बंगालमधून पकडून नेलेल्या झेब्राफिशच्या वंशातून सहा पिढ्या निवड केली. काही गटांत जास्त उष्णता सोसणारे निवडले, काहींत कमी सोसणारे. सगळे मिळून जवळपास वीस हजार मासे तपासले. २०२० साली निष्कर्ष आले: कमीकडे निवडलेले गट ०.७४ अंशाने खाली घसरले, वरकडे निवडलेले मात्र फक्त ०.२२ अंशाने चढले. पिढीमागे ०.०४ अंश. उतार सोपा, चढ अवघड. आणि ज्या माशांची सहनशक्ती वाढली, त्यांची नव्या पाण्याला सरावण्याची क्षमता कमी झाली. वंशात जे मिळालं त्यातलं काही अंगवळणीच्या खात्यातून वळतं झालं.

हा वेग पेम्बर्टनला लावून मी कागदावर हिशेब केला. एकोणीस पिढ्या गुणिले ०.०४ म्हणजे पाऊण अंश. जात वेगळी, पद्धत वेगळी, त्यामुळे हा अंदाजच आहे. पण पाऊण अंश म्हणजे सरावाच्या फरकात सहज बुडून जाईल इतका. पेम्बर्टनचा कडा जागचा न हललेला दिसतो, त्याचं नवल वाटू नये.

म्हणून यापुढे निवड करायची तर कड्यावर मोजून फार हाती लागणार नाही. त्याच्या अलीकडे, २३-२५ अंशांच्या पाण्यात महिनाभर ठेवून कोण खातो, कोण वाढतो, कुठल्या मादीची अंडी फळतात, हे मोजायला हवं. सामनच्या कुटुंबांवर झालेल्या २०१३च्या अभ्यासात उष्णता जास्त सोसणाऱ्या कुटुंबांची जवनिका मोठी होती, हृदयात प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन जास्त होतं आणि कमी प्राणवायूतही ती कुटुंबं टिकाव धरत होती. हृदय, प्राणवायू आणि उष्णता यांची सांगड तिथे दिसते. निवडीने ती सांगड धरून ठेवायला हवी. आणि ब्रूडरला मरू देण्याची गरजच नाही: प्रत्येक कुटुंबातली काही भावंडं गरम टाकीत तपासायची आणि ज्या कुटुंबाने नाव काढलं, त्याच्या न तपासलेल्या, धडधाकट भावंडांकडून पुढची पिढी घ्यायची. रोगप्रतिकारासाठी सामनच्या पैदाशीत हेच करतात.

एक गोष्ट मला मनापासून खटकते, ती इथे नोंदवतो. उष्णता सोसणारा ट्राउट हा पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओढ्यांत परका शिकारी आहे. तिथल्या लहान स्थानिक माशांना तो खातो. उन्हाळा जितका त्याला आवर घालत होता, तितका त्या स्थानिक माशांना श्वास मिळत होता. जास्त कणखर वाण काढून तो उघड्या पाण्यात सोडणं आणि बंदिस्त तळ्यात वाढवणं, या दोन्हींत फार मोठा फरक आहे.

आपल्या तळ्यांसाठी

महाराष्ट्रात ट्राउट नाही, आणि आपल्या माशांची अडचण वेगळी आहे. मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत रोहू, कटला आणि मृगळ यांना वेगवेगळ्या तापमानांची सवय करून हीच तोल सुटण्याची चाचणी घेतली गेली, २००४ साली तिचे निष्कर्ष आले. गरम पाण्याला सरावलेली ही कार्प मंडळी ४० अंश ओलांडून जातात. कड्यापाशी त्यांना धोका कमी. पण मे महिन्यात पहाटे साडेपाचला शेततळ्यावर उभं राहून पाहा: पाणी हिरवंगार, हवा पडलेली, आणि शेकडो तोंडं पृष्ठभागावर उघडझाप करत असतात. रात्रभर शेवाळाने आणि गाळाने प्राणवायू खाल्लेला, पाणी कोमट असल्याने मुळात मावतोच कमी, आणि माशाची भूक वाढलेली. पाण्यात हवा मिसळणारा एरेटर वेळेत सुरू झाला नाही तर सूर्य वर येईतो कटला पांढऱ्या पोटाने तरंगू लागतो. तिथे मासा हरतो तो दमाच्या शिल्लकीत, ३०-३२ अंशांनाच. पेम्बर्टनच्या प्रकरणाशी आपलं नातं जुळतं ते इथे.

आपल्याकडे निवडीची बैठक तयार आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने नॉर्वेच्या मदतीने कुटुंबवार निवड करून जयंती रोहू हा वाढीचा वाण १९९७ साली दिला. त्या कुटुंबांच्या भावंडांना कोमट आणि कमी प्राणवायूच्या पाण्यात तपासणं, ही त्याच कामाला जोडता येण्यासारखी पुढची पायरी आहे.

आणि ती चढण्याआधी एक स्वस्त काम करून ठेवायला हवं, ज्याची उणीव पेम्बर्टनच्या अभ्यासात भासली. माशाचं मिल्ट, म्हणजे नराचं वीर्य, द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतं. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने आपल्या प्रमुख कार्पसाठी ते गोठवण्याच्या पद्धती बसवल्या आहेत. निवड सुरू होण्याच्या दिवशीच्या नरांचं मिल्ट काही नळ्यांत जपून ठेवलं, तर वीस वर्षांनी ते वितळवून त्या वेळच्या माद्यांची अंडी फळवता येतील. त्याच माद्यांची अंडी निवडलेल्या नरांच्या मिल्टने फळवून दोन्हींची पिल्लं एकाच तळ्यात, एकाच उन्हाळ्यात वाढवली, की दोन्हींतल्या फरकावरून निवडीने वंशात काय उतरवलं याचं माप मिळेल.